तार भरली आहे म्हणे

१२ मे
दु. १२ वा. १० मि. घड्याळ बघून लिहिते आहे. डाळ मिलची सुगंधा वीज कार्यालयाचा कागद घेऊन आली. दुसऱ्या यंत्राला वीज नाही. कारण : 'लाइनवर क्षमता नाही.' बचत गटाचं नवंकोरं यंत्र ताडपत्रीखाली. जूनच्या आत सुरू झालं नाही तर बाया तूर व्यापाऱ्याला देऊन मोकळ्या होतील.
"मावशी, तुमी इंग्रजीत भांडा. मराठीत मी भांडून आली."

१३ मे
भर दुपारी रस्त्यापलीकडच्या सोलर प्लांटवर गेले. अर्धा बंद. चौकीदाराला विचारलं, एवढ्या उन्हात काहून?
"वरून फोन येते मॅडम. लाइन भरली म्हनते. मंग बंद करून राह्यलो."
म्हणजे बाहेर जाणाऱ्या विजेने तार भरली, म्हणून प्लांट बंद. आणि तीच तार भरली, म्हणून दोन शेतांवरच्या मिलच्या नव्या यंत्राला वीज नाही. घरी येऊन दोन ग्लास पन्हं. डोकं तापलेलंच.

१५ मे
दारव्हा, वीज कार्यालय. इंजिनिअर तरुण, नम्र. त्याचा जास्त राग येतो. म्हटलं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. मुंबईची ट्रंक लाइन भरली म्हणून आमच्या बोरी गावातल्या गावात फोन तोडले नाहीत आम्ही.
हसला. मग हळूच : "खरंय मॅडम. दुपारी इथेच वीज खपली तर तारेवरचा भार उलट कमी होईल." पण मंजुरीचा नियम कुठला तास ते बघत नाही, म्हणाला. आणि दर सगळीकडे एकच.
म्हटलं, मग दुपारपुरता आमच्या भागाचा वेगळा, स्वस्त दर करा, म्हणजे वीज इथेच खपेल.
"इथेच स्वस्तात खपली तर नवी मोठी लाइन कोण टाकेल? ऊन उतरल्यावर तुम्हालाच बाहेरची वीज लागेल ना?"
कागद पिशवीत कोंबून निघाले. बसमध्ये खिडकीशी बसून स्वतःवरच चरफडले.

१७ मे
सुगंधाला सगळं सांगितलं. ती तूर चाळत होती. हात न थांबवता :
"नवी लाइन येईस्तोवर दुपारची वीज आमाले द्या. आली का मंग सगळ्याइचा भाव एक. लगन ठरलं म्हून पोरीले तवापर्यंत उपाशी ठेवते का कोनी?"
मी दोन दिवस घालवले यावर. तिला शाबासकी दिली नाही, डोक्यावर बसेल. चहा मात्र मीच केला.

१८ मे
अर्ज. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या : आधी तारीख, मग तक्रार, राग सगळ्यात शेवटी. राग दोनदा खोडला. शेवट असा ठेवला आहे —
'नवी लाइन कधी पूर्ण होणार, ते कळवावे. तोवर प्लांट ज्या तासांत बंद ठेवता, त्या तासांत मिलच्या दुसऱ्या यंत्राला वीज द्यावी, व त्या तासांपुरता या भागाचा दर कमी करावा. यातले काय करता येत नाही आणि का, ते ३१ मे, सायं. ५ पर्यंत सहीनिशी लेखी कळवावे. "बघतो मॅडम" हे उत्तर धरले जाणार नाही.'