उलट्या अर्थिंगची ॲम्बेसेडर

१० नोव्हेंबर, रविवार

शी! दुसरा शब्दच नाही.

सुजितने, माझ्या दिवट्या भावाने, गाडी परत आणली. 'सर्व्हिसिंग करून देतो' म्हणून उल्हासनगरला घेऊन गेला होता, कॅम्प चारमध्ये, त्याच्या मोबाईलच्या दुकानाजवळच्या कुठल्याशा गॅरेजात. आणली ती अशी – डॅशबोर्डच्या मधोमध ग्राइंडरने कापलेलं भोक, कडा तशाच खरबरीत, आणि आत एक चकचकीत टचस्क्रीन. निळे दिवे. किल्ली फिरवली की 'वेलकम' म्हणते बया! बाबांची ॲम्बेसेडर माझ्याहून वयाने मोठी. सत्तरीच्या बाईला झोपेत कोणी मेकअप थापावा, तशी दिसते.

मागच्या सीटमागच्या फळीला दोन स्पीकर ठोकलेत. आई तिथे पाण्याची बाटली आणि स्वेटर ठेवायची. आई गेली तरी ती जागा आम्ही तशीच रिकामी ठेवलेली. आता तिथे स्क्रू.

आणि मॅटवर गुटख्याची पिचकारी. वाळलेली. फिनेल टाकून घासली, तरी वास हाताला राहिलाय. जेवण गेलं नाही.

"ताई, टेन्शन नको घेऊ, सब सेट है. ब्लूटूथ, रेडिओ, सगळं."

"विचारलंस कोणाला?"

सुजित बाबांकडे बघत राहिला. बाबा पेपरात. स्वतःच्या गाडीचा कोथळा काढला तरी हा माणूस शब्द बोलत नाही!

१३ नोव्हेंबर

पार्किंगमधून जाताना तोंड फिरवून जाते. बघवत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

केसांना अजून धुराचा वास येतोय, पण लिहिते.

अंबरनाथला भावनाकडे साखरपुडा होता. भावना म्हणजे मावसबहीण. बाबा म्हणाले गाडीने जाऊ. मी शेजारी बसले, तोंड वाकडं करून. घरून, खरवईहून निघालो, स्टिरिओवर जुनी गाणी, बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरतायत – मला त्याचाही राग. पुढे रस्ता खोदलेला. गाडी धाडकन आदळली आणि गाणं बंद. मग वास. प्लास्टिक जळाल्याचा, घशात बसणारा. डॅशबोर्डखालून धूर!

बाबांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली. धूर थांबेना. त्यांनी खाली हात घालून वायरच उपटली. वितळलेली. तळहाताची साल निघाली. मी बॉनेट उघडून बॅटरीचा क्लॅम्प ओढला, तो कसा निघाला देव जाणे, पाना नव्हताच. तेव्हा कुठे थांबलं.

आणि लोक? मोबाईल! बाईक थांबवून शूटिंग. एक जण मला म्हणतो, "मॅडम, थोडा साइड में." त्याला धूर नीट दिसत नव्हता. ओकारी आली मला. खरंच, रस्त्याच्या कडेला ओकले.

पेट्रोलची गाडी. बाबा आत. पुढचं लिहीत नाही.

१७ नोव्हेंबर

गाडी टोचन करून आणली. बॅटरी सोडवून डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन उताणी झोपले. मी मोरिवलीच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते, घाणेरडी कामं पाहिलीत. पण असलं नाही.

या जुन्या गाडीत बॅटरीची प्लस बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. आजच्या गाड्यांत मायनस. सगळं उलटं. त्या फिटरने नेहमीसारखं जोडलं असणार, स्टिरिओ लागला नसणार. मग काय, अक्कल चालवली – लाल वायर पत्र्याला, काळी बॅटरीला. लागला! पण स्टिरिओची लोखंडी पेटी आतून त्या काळ्या वायरलाच जोडलेली. पेटी पत्र्याला टेकली की थेट शॉर्ट. ते टाळायला पेटीभोवती चिकटपट्टी गुंडाळली. बस्स. एवढ्यावर माझा बाप फिरत होता. खड्ड्यात आदळलो, खरबरीत कडेने पट्टी कापली.

फ्यूज? स्टिरिओचा फ्यूज लाल वायरीत. जळली काळी. तिच्यात काहीच नाही. नुसती पिळून जोडलेली, वर टेप, टेपचा डिंक पाघळून बोटांना चिकटलेला. साबणाने जात नाही. शिसारी आली.

संध्याकाळी सुजित आला. मी जे तोंडात आलं ते बोलले. "बाप जाळायला निघाला होतास!" असंही.

तो पांढरा पडला. "तुला सगळं माहीत असतं ना ताई?" म्हणाला. "सगळं नाही माहीत तुला." आणि चप्पल घालून निघून गेला. चहा तसाच.

बाबा आतल्या खोलीत, हाताला बँडेज. दार लोटून घेतलं.

१९ नोव्हेंबर

स्टिरिओ कचऱ्यात टाकते म्हटलं. बाबा म्हणाले, "नको. नीट लावता येतो का बघ."

विश्वास बसेना. हात जळला तरी मुलाची हौस पुरवायचीच! मला त्या दोघांचाही वीट आलाय.

२४ नोव्हेंबर, रविवार

सुजित आपणहून आला. जुना शर्ट घालून. म्हणाला, "सांग, काय धरू?"

दोघांनी दिवसभर काम केलं. आधी सगळ्या गाडीची अर्थिंगच बदलली. बॅटरी उलटी बसवली, आता मायनस पत्र्याला. कॉइलच्या दोन वायरी आणि अँपिअरमीटरच्या दोन अदलाबदल. डायनॅमोला या उलटवलेल्या बॅटरीची क्षणभर ठिणगी दिली, नाहीतर तो जुन्याच दिशेने चार्जिंग करत बसतो. त्या ठिणगीला सुजित दचकला. लहानपणी फटाक्यांना दचकायचा तसा. हसू आलं, दाबलं.

स्टिरिओला बॅटरीपासून वेगळी जाड वायर. फ्यूज बॅटरीला अगदी लागून – वायर पुढे कुठेही घासली तरी आधी फ्यूज उडेल, वायर पेटणार नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे घासू नये म्हणून रबरी बुश. काळ्या वायरीसाठी पत्र्याचा रंग खरवडून बोल्ट. पिळून जोडलेला एकही सांधा नाही. त्याला एक मोठा, छाती दणाणणारा बूफर पण लावायचा होता. म्हटलं, या डायनॅमोत तेवढा दम नाही, गप्प बस.

भोकाच्या कडा तो स्वतः घासत बसला. मध्येच म्हणाला, "ताई, मला कशाला लागतो गं स्टिरिओ? माझ्याकडे स्वतःची गाडी आहे."

"मग कोणाला लागतो?"

"जाऊ दे."

जाऊ दे तर जाऊ दे. तो फिटर अजून त्याच गॅरेजात बसून दुसऱ्यांच्या गाड्या फाडत असेल. त्याला जाब विचारलास का, म्हटलं. "विचारला. हसला." – हे ऐकून पुन्हा तोंड कडू.

१ डिसेंबर

गाडी चालू ठेवून, दिवे लावून, वायरींवर हात फिरवत बसले. गार. मग त्याच खोदलेल्या रस्त्यावरून मुद्दाम नेली. आदळली. गाणं चालूच.

काम चांगलं झालंय, माझंच आहे. तरी ते निळे दिवे बघितले की अंगावर काटा येतो. आईच्या जागेवर दोन काळी तोंडं आ वासून.

८ डिसेंबर

बाबांचं बँडेज सुटलं. दुपारी एकटेच खाली जाऊन गाडीत बसले होते. गाणी लावून. मी गॅलरीतून पाहिलं, हाक मारली नाही.

१५ डिसेंबर, रविवार

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. गेटपाशी रिक्षातून एक बाई उतरल्या. बाबांच्याच वयाच्या, केसांत अबोलीचा गजरा. सगुणाबाई. बाबा सकाळी फिरायला जातात तिथल्या. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आम्ही लग्न करायचं म्हणतोय. यांना गाण्यांची आवड, म्हणून स्टिरिओ मीच लावायला सांगितला होता. सुजितला म्हटलं, उन्नतीला एवढ्यात बोलू नकोस. मला धीर होईना."

सुजित बाजूला उभा, चपलेने माती उकरत. महिनाभर शिव्या खाल्ल्या त्याने. एकदाही बाबांचं नाव घेतलं नाही.

बाईंनी माझा हात धरला. "तू स्वतः वायरी टाकल्यास म्हणे. मग मी निर्धास्त बसते हो."

पुढच्या सीटवर बसल्या. त्या गाडीचं ते दार जोर लावल्याशिवाय लागत नाही. मी नीट लावून दिलं.