सुटे काळे मणी

मैसूर, ३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. तुंगा हीस आज्जीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाल. तुझं पत्र आलं की आणखी खुशाल. फोनवर माझ्या कानात नुसती शिट्टी वाजते, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतच्या शाळेचं अक्षर आहे, हसू नकोस.

तुझी सुपारी फुटून महिना झाला, तरी माझं तोंड गोडच आहे. येलवालच्या देवळात निशांत तुझ्याकडे बघता बघता विडा माझ्याच ओटीत टाकून बसला, आठवतं ना? माझी सुपारी फुटली त्या दिवसापासून आई मला पाहुणी म्हणून पाटावर बसवायची. सुपारी फुटली की पोर त्या घरची.

हां, मुख्य सांगायचं राहिलं. तुझ्या स्कॉलरशिपला उत्पन्नाचा दाखला हवा ना, त्याची चौकशी करायला नाडकचेरीतला माणूस आला होता. तुझा बाप वेंकोजी गाड्यांच्या सीटा शिवायला दुकानात गेलेला. मीच बसवलं, कॉफी दिली. तुंगा कुठे म्हणाला. म्हटलं, ती आता आमची कुठली, दिली की आम्ही! सासरची काय करतात म्हणाला, तर मी कशाला मागे राहू? हुणसूरची तंबाखूची जमीन, दोन ट्रॅक्टर, सगळं सांगितलं. तोही भराभरा लिहून घेत होता. माणूस चांगला, पाच चकल्या खाल्ल्या.

कार्तिकात लग्न उरकू म्हणते. डोळे आहेत तोवर बघायचंय मला. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आज्जी,
रुक्मिणीबाई

धारवाड, ११ ऑगस्ट २०२५

ती. आज्जीस तुंगाचा शि. सा. नमस्कार.

आज्जी, अय्यो, काय करून ठेवलंस! दाखल्यावर मी विवाहित, आणि उत्पन्न बाबांचं नाही, निशांतच्या घरचं! ह्या स्कॉलरशिपला लग्न झालेल्या मुलीच्या नवऱ्याकडची कमाई बघतात. ट्रॅक्टरवाल्यांच्या सुनेला कोण देणार? फॉर्म परत आला. २५ तारखेच्या आत नवा दाखला दिला नाही, तर एम.एस्सी. सोडून घरी यावं लागेल. बाबांना हॉस्टेल झेपणार नाही, तुला माहीत आहे.

निशांत म्हणाला, फी मी भरतो. मी म्हटलं, अजून तू माझा नवरा झालेला नाहीस. दोन दिवस रुसला, मग स्वतःच म्हणाला, तुझं बरोबर आहे.

पत्रावर तू 'सौ.' लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि आज्जी, कार्तिकात लग्न झालं तर पुढच्या वर्षीचीही जाईल. तू किती वाट बघतेयस ते ठाऊक आहे, म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता. रागावलीस तरी पत्र मात्र लिही.

तुझीच,
तुंगा

मैसूर, २० ऑगस्ट २०२५

चि. कु. तुंगा हीस आशीर्वाद. बघ, 'कु.' लिहिलंय.

काम झालं ग! नवा दाखला वेंकोजीच्या हातात आहे, त्याने तुला फोटो पाठवला असेलच. आता सावकाश ऐक.

तुझं पत्र वाचलं आणि माझी चूक मला कळली. मग निशांतच्या आज्जीला, भवानीबाईंना, निरोप धाडला. वाटलं, टोमणा मारतील. कसल्या! सकाळच्या बसने हुणसूरहून हजर. म्हणाल्या, मीही गल्लीभर सांगून बसलेय, आमची सून एम.एस्सी. करते म्हणून.

कचेरीत तोच माणूस. म्हणाला, आज्जी, तुम्हीच तर सांगितलंत, आता लग्न झालं नाही कशावरून? न झालेल्या लग्नाचे फोटो कुठून आणू मी? कमरेची पुरचुंडी सोडली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. सोन्याच्या दोन वाट्या वेगळ्या, काळे मणी वेगळे. म्हटलं, हळदीच्या दिवशी ओवतात आमच्यात, बघा, सगळं सुटं आहे. भवानीबाई म्हणाल्या, पोरीने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. तो हसत सुटला. म्हणाला, मणी कागदाला चालत नाहीत, दोन्ही घरांनी लिहून द्या. दिलं. त्याने अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला, तो मी बाजूला केला आणि पूर्ण सही केली. मागची रांग कुरकुरली, कुरकुरू दे. चकल्या नेल्या होत्या, त्यांना हात लावेना. म्हणाला, चकलीनेच घोटाळा झाला.

बसस्टँडवर भवानीबाईंनी कार्तिकाचं काढलं. तुंगा, मीच नको म्हटलं. शेवटची परीक्षा होईपर्यंत नको. त्यांनी बोटांवर महिने मोजले, सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, सरि, चालेल, पण आमचा पोरगा वाळेल. म्हटलं, ट्रॅक्टर चालवायला लावा, वाळणार नाही.

पुरचुंडी पुन्हा पेटीत ठेवली. तू पास झालीस की पहिला मणी मीच ओवणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तोवर नजर टिकायला हवी म्हणून रोज सकाळी उन्हात बसून सुईत दोरा घालून बघते. आज तिसऱ्या खेपेला गेला.

अशीच माझी राहा.

तुझी आज्जी,
रुक्मिणीबाई