पेरूखालचा अंगारा

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज परत पेरूच्या बुडातला भुसा मीच झाडला. बाकीच्यांना डोळं न्हाईत. झाडाला अळी लागलीया. सालीवर तांबूस जाळी, जाळीखाली भोक, भोकात ती बया. साल खाती आणि हगती — त्योच ह्यो भुसा. माझा ल्योक राजवर्धन, शाळेत मास्तर. त्यो म्हणतो, पाणी कमी पडलंय. मास्तर!

९ नोव्हेंबर
पेरूखाली दत्ताच्या पादुका हायत, सासऱ्यांनी वाडीहून आणलेल्या. भुसा नेमका त्यांवर पडला. शेजारची चिमणाबाई हात जोडून उभी — झाडातनं अंगारा पडतोय म्हणं. कपाळाला लावला, जिभंवर ठेवला. म्हटलं, अगं, घाण हाय ती अळीची. तर मलाच म्हणती, आक्का, तुमची श्रद्धाच न्हाय.
खा मग.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
अख्खी गल्ली परसात. नारळ, उदबत्त्या. मी तार आन् पेट्रोलचा बोळा घेऊन गेलते. भोकात तार घालून अळी टोचायची, बोळा कोंबायचा, वर चिखल लिंपायचा — एवढंच काम. सुनेनं, ललितानं, तार हिसकावली. देवाच्या झाडाला टोचायचं न्हाय म्हणं. झाड मी लावलंय, देवानं न्हाय. राजवर्धन नारळ फोडून देत होता. बायका त्याला महाराज म्हणाय लागल्यात, गोड लागतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
चिमणाबाई डबी घेऊन हजर. नवऱ्याला, गुंडूला, साखर हाय, रोज सुई घेतो. अंगाऱ्यानं साखर उतरंल का, इचारती. डोकं फिरलं माझं. म्हटलं, "उतरंल की. सुया दे गटारात टाकून, चमचा चमचा चार त्याला." मला हसू आवरंना. ती हसली न्हाय. पाया पडून गेली. येडी.

१९ नोव्हेंबर
दुसरी फांदी वाळली. महाराज भुसा लावून शाळेत गेलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
गुंडूला पहाटे दवाखान्यात नेलं. अजून शुद्ध न्हाय. ललिता बघून आली. सोमवारपासनं सुई बंदच होती. डॉक्टर ओरडला, तर चिमणाबाई म्हणाली, "आक्का कधी मानत नव्हत्या. त्यापण व्हय म्हणाल्या, मग खरंच असणार की."
तिची लेक निघालीया हिकडं, कुणी सांगितलं ते इचारायला.
राजवर्धननं दारात जायचं न्हाय. ललितानं पण न्हाय. पोरीला सरळ आत, माझ्यापुढं आणायची. मी बोलणार.