यादीतलं आपलं गाव

बाई, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही पोरीही आता पेन्शनीत निघालो. आज सकाळी मी आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब बघायला गेले होते. नर्सने पट्टा बांधला, आकडा सांगितला, मीठ कमी करा म्हणाली. बाहेर येऊन पायरीवर बसले ती उठेचना. हे उपकेंद्र तुम्ही पाहिलंच नाही. त्याच्यासाठी केलेला पहिला अर्ज मात्र तुमच्या अक्षरातला होता.

पणजीच्या कचेरीत योजनेच्या टेबलावर मी तेव्हा नवीन होते. दरवर्षी गावागावांतून मागण्या यायच्या, कुणाला नळ, कुणाला साकव, कुणाला शाळा, आणि साहेब म्हणायचे, क्रम लाव. वरचं काम त्या वर्षी व्हायचं, खालचं 'पुढच्या वर्षी' या गोड शब्दांत पडून राहायचं. त्या वर्षी शेवटी दोनच मागण्या उरल्या आणि निधी एकापुरता. पेडण्यातल्या एका गावाची शाळा देवळाच्या मंडपात भरायची, कुणाचं कार्य निघालं की पोरांना सुट्टी. आणि दुसरी मागणी आपली. खनिजाच्या ट्रकांची धूळ, पोरांचे खोकले, डिचोलीचा दवाखाना गाठेपर्यंत ट्रकांच्या रांगेत जाणारा वेळ, सगळं तुम्ही शुद्धलेखनाची एक चूक न करता लिहिलं होतं.

आमच्या कचेरीत एक कारकून होता. त्याच्या गावचा रस्ता झाला तेव्हापासून सगळे त्याला 'डांबर' म्हणायचे. त्याचा त्या रस्त्याशी काडीचा संबंध नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. मी पेडण्याची शाळा वर घातली. मंडपातल्या त्या पोरांची गरज खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण मी ती पोरांसाठी वर घातली नाही, मलाही तसं नाव पडू नये म्हणून घातली.

तुम्हाला कुठून कळलं कोण जाणे. दुपारच्या बसने तुम्ही पणजीला आलात. माझ्या टेबलासमोर बसलाय, पदराने घाम पुसताय, आणि पिशवीतून माझ्यासाठी आणलेले दोन उंडे काढून फायलींवर ठेवताय. तो पाव खात मी तुम्हाला तुमचीच शिकवण ऐकवते. शाळेत सरस्वतीपूजनाच्या जेवणाला तुम्ही आम्हा पोरींना वाढायला लावायचात, आणि वाढणाऱ्याने शेवटच्या पंगतीला बसायचं हा तुमचा नियम. एकदा मी मधेच खतखतं चाखलं म्हणून तुम्ही मला सगळ्या पंगती उठेपर्यंत भिंतीशी उभं केलं होतंत. तेच मी केलं, बाई, म्हटलं. आपल्या गावाला शेवटी बसवलं.

तुम्ही रागावला नाहीत. शाळेतलं मराठी बाजूला ठेवून घरच्या बोलीत म्हणालात, "वाढप्यान मागीर जेवचां, खरां. पण वाढपी तू गो. गाव न्हय."

यादी तेव्हा अजून माझ्याच खणात होती. बदलता आली असती. मी बदलली नाही.

त्याच वर्षी शिगम्याच्या आधी तुम्हाला दम लागला. गावात इंजेक्शन द्यायला कुणी नव्हतं, आणि डिचोलीच्या वाटेवर जीप ट्रकांच्या रांगेत अडकलेली असताना तुम्ही गेलात. उपकेंद्र असतं तर तुम्ही वाचला असतात का, मला माहीत नाही. तिथे काही डॉक्टर बसला नसता. पण कुणाचा तरी हात तुमच्या नाडीवर असता. फार वाईट वाटतं, बाई, आणि वय वाढलं तसं ते कमी होईल असं मी म्हणत होते, ते झालं नाही. ती पेडण्याची शाळा मी एकदा मुद्दाम जाऊन बघून आले. चांगली बांधली होती, चार खोल्या, पुढे पडवी. आता पट नाही म्हणून तिला कुलूप आहे.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. पण एक सांगायचं राहिलंय. उंडे घेऊन आलात त्या दुपारनंतर पंधरवड्याने तुम्ही पुन्हा पणजीला आलात, तेव्हा शिपायाने तुम्हाला सांगितलं की मी रजेवर आहे. ते त्याला मीच सांगायला लावलं होतं. मी आत जुन्या फायलींच्या खोलीत उभी होते, आणि जिना उतरताना तुम्हाला लागलेली ढास शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत होते.