महादेवाच्या गळ्यावरचा हात

साक्री, ६ जानेवारी २०२६

ती. स्व. नानांच्या चरणी रत्नाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि काकू फोन धरला की फक्त जेवणाचंच विचारते, म्हणून पत्र लिहितेय. इकडे सगळे खुशाल. शाळेतला माझा चित्रकलेचा तास अजून कोणी गणितासाठी मागून घेतलेला नाही, तेही खुशालीतच धरा.

बातमी तुमच्या भिंतीची आहे. इथल्या महादेवाच्या देवळात तुम्ही त्रेचाळीस वर्षांपूर्वी समुद्रमंथन काढलं होतं. मध्यंतरी कोणीतरी त्यावर ऑइलपेंट फासून महादेव नखशिखांत निळा केला. आता ते पापुद्रे सुटले, आणि शिवरात्रीआधी भिंत नव्याने करायचं काम पंचांनी मला दिलं. खरवडलं तर आतून तुमचा महादेव निघाला, कापरासारखा गोरा. देव-दानव जीव घेऊन पळताहेत, वासुकी फूत्कारतोय, आणि हा विषाची ओंजळ रिकामी करून शांत बसलेला. शेजारी पार्वती, तिचा हात त्याच्या गळ्यावर, मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके. मी अर्धा तास स्टुलावरून उतरलेच नाही.

पण नाना, गळ्याला निळं कुठेच नाही. पंचांतले वडीलधारे चुडामण आबा म्हणाले की कॅलेंडरमा महादेव बठ्ठा निळा शे, आणि असोद्याच्या चिताऱ्याने नीळकंठ काढला नि कंठच विसरला. गावात ही थट्टा जुनी आहे म्हणे. महादेव पुन्हा सगळा निळा करून टाक, असा त्यांचा हुकूम आहे. चोपड्याकडची तुमची सगळी देवळं टाइल्सखाली गेली, तुमच्या हातची ही एकच भिंत उरलीय. तुम्ही खरंच विसरलात का? लवकर कळवा, मी आबांना थोपवून धरते.

काकूंना नमस्कार. लोभ आहे, तो वाढावा.

तुमची रत्ना

---

असोदा, १४ जानेवारी २०२६

चि. सौ. रत्नास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा तुझ्या काकूला वाचून दाखवलं, गोंदणाचं वाक्य तेवढं गाळलं. का, ते पुढे येईल.

विसरलो नव्हतो. निळा रंग वासुकीवरच संपला आणि बाजाराला चार दिवस होते. म्हणून कपड्यांची नीळ डिंकात कालवून कंठाला दिली. दर शिवरात्रीला बायका भिंत धुणार, हे डोक्यात आलं नाही. नीळच ती, गेली धुऊन. चूक माझी, थट्टा मान्य.

पण सगळं अंग निळं करू देऊ नकोस. आरती झाल्यावर कर्पूरगौरं म्हणायचं आणि भिंतीवर त्याला निळा फासायचा, हा कुठला न्याय? अगं, त्याचा मोठेपणा त्या चार बोटं निळ्यातच आहे. अमृतासाठी सगळे आले होते. आधी हलाहल निघालं, तेव्हा पुढे आला तो एकटा. गिळलं तर पोटात जाणार, थुंकलं तर जग जळणार, म्हणून त्याने ते गळ्यातच धरून ठेवलं. बाकी अंग गोरंच राहिलं. सगळा निळा महादेव काढला म्हणजे विष जिंकल्यासारखं झालं. आयुष्यभर या देवाला रंगवलं, पण त्याचं कौतुक काही सरलं नाही.

आता त्या हाताचं. कुंचल्याला टोक यावं म्हणून मी तो ओठांतून फिरवायचो. आम्हा चिताऱ्यांची खोडच ती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, कामापुरते आम्ही साक्रीतच राहत होतो, काकू दुपारी भाकरी घेऊन देवळात यायची. महादेवाचं अंग रंगवायला सफेदा होता, तो विषारी. त्याचा गोळाच तोंडात गेला, तशी ती धावत आली आणि तिने माझा गळा आवळला, गिळू नका, थुंका म्हणून. सफेदा राहिला बाजूला, मी तिच्याच हातून मरायचो. पण पार्वतीने नवऱ्याचा गळा का धरला, हे पुराणात इतक्यांदा ऐकूनही कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली आणि मी भिंतीवर तिचाच हात काढला, गोंदणासकट. तिने ती भिंत पुन्हा पाहिली नाही आणि मी सांगितलं नाही. हे पत्र टपालात टाकायला तीच जाणार आहे, म्हणून पाकीट नीट चिकटवतोय.

आबांना माझा रामराम. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

नाना

---

साक्री, २३ जानेवारी २०२६

ती. स्व. नानांना सा. न. वि. वि.

पाकीट शाबूत पोचलं. पत्र पंचांपुढे वाचलं. आबा भिंतीजवळ जाऊन म्हणाले, चितारी इसरना नही, आम्हीच इसरनूत. महादेव गोराच राहणार. बोटांच्या फटीतून गळा दिसतो, तेवढाच निळा करायचा. अट एकच, तो तुम्ही करायचा. तुमचा हात कापतो हे मी सांगितलं. चालेल म्हणाले.

सोमवार, ९ फेब्रुवारी ठरलाय आणि नेमकं मला त्या दिवशी धुळ्याला प्रशिक्षण आहे, याचं फार वाईट वाटतं. पण तुम्ही या, नाना. तुमचा हात पुन्हा त्या भिंतीला लागावा, एवढीच माझी इच्छा आहे. काकूला आणाच.

लोभ असाच राहू द्यावा.

तुमची रत्ना

---

असोदा, १० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. रत्नाला लीलाकाकूचे पोटभर आशीर्वाद.

तुझे नाना लिहायला लाजतात, म्हणून मी लिहिते.

देवळात खूप माणसं जमली होती. दोघांनी धरून यांना स्टुलावर बसवलं. मी खाली पाण्याचा डबा घेऊन उभी, वर चित्राकडे माझं लक्षच नव्हतं, हे पडतील याचीच धास्ती. यांनी कुंचला निळ्यात बुडवला आणि सवयीने सरळ ओठांकडे नेला. डॉक्टरांनी किती वेळा बजावलंय. माझा हात कधी उठला मला कळलं नाही, एकदम यांच्या गळ्यावर.

सगळं देऊळ आमच्याकडे बघायला लागलं. मला वाटलं, चारचौघांत नवऱ्याचा गळा धरला म्हणून. मग दिसलं, आबा माझ्या मनगटाकडे बघताहेत, भिंतीकडे बघताहेत, परत माझ्याकडे. त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं. माझेच तीन ठिपके, रत्ना. त्रेचाळीस वर्षं हा माणूस गप्प बसला. मला रडूच आलं.

निळं थोडं वाकडं आलंय, नीट करायला जाऊ नकोस. शिवरात्रीला भिंत धुवायला येतील त्या बायांना सांग, यंदा नुसतं फडक्याने पुसा. जळगावपर्यंत बसमध्ये मी यांचा हात सोडला नाही.

येत जा. जीव लावतेस, तसाच लावत राहा.

तुझी काकू