मुशीचं तेल

मिरकरवाडा, रत्नागिरी

प्रिय जुझे,

परवा फोनवर तू म्हणालास, काशीदा, बाबा गेला त्याला आता महिना होईल, त्या दिवसासाठी आमचा दमाम पाठवून दे. मी नुसतं हो हो करून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, तांडेल एवढा तुटक का बोलला. अरे, बोलायला तोंड कुठे होतं मला? सहा हंगाम बोटीवरच्या सामानाची यादी तूच मराठीत लिहायचास, तेव्हा माझं मराठी तुला वाचता येईल, म्हणून आता कागद घेऊन बसलोय.

बाप आजारी म्हणून तू हातातलं जाळं टाकून कर्नाटकात हल्याळला, तुझ्या गावी पळालास, तेव्हापासून तुझा तो ढोल आमच्याकडे खुंटीला आहे. माझी कमळा रोज धूळ पुसते. यंदा नारळी पौर्णिमेला धक्क्यावर कोणाचे पायच उचलेनात. तू वाजवायचास तेव्हा आम्ही कोळी, नेपाळी खलाशी, शेजारच्या बोटीवरचे दालदी मुसलमान, सगळे एका रिंगणात असायचो. माझे गुडघे धरलेले, तरी मी मेला नाचायचो. तू सांगायचास, पिढ्यांमागे आफ्रिकेतून आणलेली तुमची सिद्दी माणसं, भाषा गेली, कोणी हिंदू झालं, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान, पण दमाम वाजला की तिन्ही घरं एका तालावर येतात. दोन वर्षं न बोलणारे तुझे चुलतेसुद्धा या दमामासाठी बाबाच्या महिन्याला येणार, असं तू म्हणालास. तेच माझ्या छातीवर बसलंय.

पावसात दमामाच्या चामड्याला बुरशी धरली. आमच्या घरात बुरशीवर औषध एकच, मुशी माशाचं तेल. बापजाद्यांनी होड्या त्याच्यावरच टिकवल्या. मी शहाण्याने आठ दिवस दोन्ही बाजूंना चोळ चोळ चोळलं, म्हटलं जुझे खूश होईल. मग थाप मारली तर ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज. उन्हात ठेवला, चुलीजवळ धरला, भजनातल्या मृदंगवाल्याकडे नेला. त्याने वास घेतला आणि मान हलवली. तेल आत मुरलंय, नवं चामडं चढेल म्हणतो, पण हे तुझ्या बाबाने स्वतः मढवलेलं. माझ्या हातून मेला रे तो, आणि मला आता काही म्हणजे काही करता येत नाही. उद्या मासळीच्या गाडीने पाठवतोय. चुलत्यांना माझं नाव सांग, हवं ते बोलू देत. पण रिंगणात नेण्याआधी घरात एकट्याने एकदा वाजवून बघ. सगळ्यांसमोर पहिली थाप मारून तुला ते कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझाच,
काशीराम तांडेल