बसवलेला कळप

२ फेब्रुवारी

आलो एकदाचा. करमाड ओलांडलं की जालना रोडला लागूनच एका कंपनीचं नवं गेस्ट हाऊस उभं राहतंय, त्याच्यामागं मला खोली मिळाली आहे. ओटा आहे, नळाला पाणी आहे, आणि पंखा फिरतोसुद्धा. दीपमालाला फोन केला तर पहिला प्रश्न आला की ओट्याला कडप्पा आहे का. आहे म्हटल्यावर बाईसाहेब खूश झाल्या. ती आणि योगिनी सध्या फर्दापूरला माझ्या आईजवळ आहेत. योगिनी बसायला लागली आहे आणि मी अजून ते पाहिलेलं नाही.

ठेकेदार सुदर्शनराव गाडीतून उतरले आणि हात लांबवून म्हणाले, हे सगळं हिरवं पाहिजे. समोर नुसता मुरूम, मधून दोन बाभळी. मेमध्ये उद्घाटन आहे. तोपर्यंत हिरवळ उभी राहिली तर नोकरी कायम आणि खोलीही माझीच, मग बायकोपोरीला घेऊन ये, असं ते म्हणाले. मी म्हटलं, फर्दापूरच्या लॉजवाल्याला विचारा, दगडावर गवत उगवून दाखवणारा माणूस आहे मी. थोडं जास्तच बोललो, पण बोलल्याशिवाय कोण विचारतं.

६ फेब्रुवारी

सकाळी शहरातल्या बंगल्यांची फेरी, दुपारी शेंद्र्यातल्या कारखान्यांची. गवत कापायचं मशीन टेम्पोत टाकायचं, उतरवायचं, कापायचं, कडा छाटायच्या. एका डॉक्टरीणबाईंना हिरवळ पाहिजे पण पाणी द्यायला नको, कारण पाण्यानं चिखल होतो. एका साहेबांना गवत इतकं बारीक हवं की मी म्हटलं, मग न्हाव्यालाच बोलवा. ते हसले नाहीत. गवताचा वरचा तिसरा हिस्सा कापावा, त्याहून जास्त कापलं की ते सुकतं, हे कुणालाच पटत नाही.

करमाडची जमीन मात्र मेलेली आहे. इथला जुना माळी कडुबा म्हणाला, मेंढ्या बसवा. आमच्याकडे शेतकरी बसवतातच. पीक निघालं की मेंढपाळाला बोलवायचं, कळप चार-आठ दिवस रानात मुक्कामाला ठेवायचा आणि लेंडीखतानं जमीन तयार करून घ्यायची. हिरवळीसाठी मेंढ्या बसवल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणूनच मला ते आवडलं.

११ फेब्रुवारी

राजाबाईचा कळप आला. बाई साठीची, खांद्यावर घोंगडी, आवाज खणखणीत. नवरा गेल्यापासून एकटीच मेंढरं वळते. कंपनीचे मालक पुण्याला, म्हणून त्यांच्या वतीनं मीच नारळ फोडला आणि कळप बसवून घेतला. मेंढ्या व्यालेल्या आहेत, कोकरं पायात पायात येतात. पुढं चालणारी मेंढी काळ्या तोंडाची आहे आणि ती माणसाकडं सरळ बघते.

राजाबाईनं विचारलं, इथं काय पेरणार. मी हिरवळीचं सगळं समजावून सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "जे गवत कुणी खायाचं नाय, ते लावायचं कशापायी?" कडुबा दात काढून हसला. मलाही हसू आलं, पण जरा लागलंच.

१७ फेब्रुवारी

अंगाचा तिळपापड झालाय. पुण्याहून गवताच्या तयार गाद्या आल्या होत्या, उंची गवत, मातीसकट गुंडाळलेलं. मागच्या कुंपणाशी सावलीत रचून ठेवल्या होत्या. आज शेंद्र्याहून परत आलो तर गाद्यांकडचं जाळीचं फाटक सताड उघडं आणि कळप गाद्यांवर तुटून पडलेला. निम्म्या गाद्यांची नुसती माती उरली आहे. सुदर्शनरावांनी फोनवर माझी सालपटं काढली. दगडावर गवत उगवून दाखवणाऱ्याला मेंढ्या राखता येत नाहीत का, असं विचारलं. स्पीकर चालू होता, सगळे मजूर ऐकत होते.

राजाबाईनं चुकलं म्हणायला काय हरकत होती? पण ती हसली. म्हणाली, "मेंढराला काय ठावं, गालिचा कोन्ता अन् गवत कोन्तं." माझं नाक कापलं गेलं आणि ही बाई हसते. मी काही बोललो नाही. मी बोलत नाही तेव्हा समजून घ्यावं.

१८ फेब्रुवारी

हुमणीच्या अळीसाठी आणलेलं दाणेदार औषध कोठीत आहे. कुरतडलेल्या गाद्यांवर सकाळीच टाकलं, वरून पाणी मारलं. कडुबा पाइप आणायला करमाडला गेला होता. मग जाळीचं फाटक उघडलं आणि टेम्पो घेऊन शहरात निघून आलो. डॉक्टरीणबाईंची हिरवळ आज फार सुरेख कापली गेली. हात अगदी स्थिर होता.

खायचंय ना? खा म्हणावं.

१९ फेब्रुवारी

सगळा कळप गेला. कोकरंसुद्धा. कोकरं गवत खात नसतील असं मला वाटलं होतं, पण दूध प्यालीच की.

राजाबाई काळ्या तोंडाच्या मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी म्हटलं, फाटक तुम्हीच उघडं टाकलं असणार, परवासारखं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "लेकरं हायेत का तुमाला?" मी म्हटलं, एक मुलगी आहे. तिनं मान हलवली, घोंगडी झटकली आणि रस्त्याला लागली. मागं वळून पाहिलं नाही.

सुदर्शनराव म्हणाले, बोभाटा नको, खड्डा घ्या. जेसीबी होतंच. अंगणाच्या मधोमध पुरलं, वर मुरूम, लाल माती, वाळू. कडुबा आज जेवला नाही. मी जेवलो. जशास तसं वागलो, त्यात रडायचं काय?

१६ मार्च

एवढी हिरवळ मी जन्मात पाहिली नव्हती. नव्या गाद्या टाकल्या आणि त्यांनी आठवड्याभरात मुळं धरली. मार्चच्या उन्हात आजूबाजूचं रान करपलंय आणि माझ्या अंगणात अनवाणी चालावंसं वाटतं. सुदर्शनराव दोन गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायला घेऊन आले. विचारलं, खत कोणतं? मी म्हटलं, लेंडीखत. त्यात खोटं काही नव्हतं.

दीपमालाला फोटो पाठवले. ती म्हणाली, योगिनीला ह्याच्यावर सोडलं तर ती घरात यायचीच नाही.

२९ मार्च

आज मशीन चालवायला काढलं आणि लक्षात आलं की कापायला काही नाही. सगळं गवत सारख्या उंचीचं, अगदी नीट. कडुबाला म्हटलं, शाबास, मला न सांगता कापलंस. तो म्हणाला, मी हात लावलेला नाही. खाली बसून पाहिलं. पात्यानं कापलं की टोक सरळ येतं. ही टोकं फाटलेली आहेत, दातानं ओढल्यासारखी. कापलेल्या गवताचा मागमूस नाही.

कडुबा माझ्याशेजारी उकिडवा बसला होता. उठला, पाइप गुंडाळून ठेवला आणि म्हणाला, "मला नाय जमायचं साहेब आता." हिशेबालाही थांबला नाही.

५ एप्रिल

गिऱ्हाइकांच्या हिरवळी नेहमीसारख्या वाढतात. फक्त माझी वाढत नाही, म्हणजे वाढते आणि खाल्ली जाते. कुंपण तपासलं. मोकाट जनावर आत यायला वाट नाही. पण गवतावर लेंड्या पडल्या होत्या. उचलल्या तर गरम होत्या.

भर दुपारी, डोक्यावर ऊन, रस्त्यावर ट्रकांची रीघ. असल्या वेळी माणूस भीत नाही. मी लेंड्या झाडून टाकल्या आणि चहा केला. चहा सांडला.

११ एप्रिल

हिरवळीवर जागोजागी गवत दबलेलं दिसतं, एखादं जनावर बसून उठावं तसं. पण उठलेलं नसावं. हात लावला तर तिथली हवा कोमट लागते. रोलर नेला तर तो अडला. मशीन नेलं तर तेही अडलं, खाली दगड नाही, काही नाही, समोर काहीतरी मऊ. मी जोर लावला. मशीन मागं ढकललं गेलं.

मशीन सोडून खोलीत आलो. ते अजून तिथंच, उन्हात.

१६ एप्रिल

दबलेल्या जागा रोज सकाळी खोलीच्या जवळ आलेल्या असतात. पहिल्यांदा मधोमध होत्या. मग नळापर्यंत. आज पायरीपाशी. लोकरीचा वास, ओल्या लोकरीचा.

सुदर्शनरावांना फोन केला. म्हटलं, दुसरीकडं काम द्या. ते म्हणाले, वेड लागलं का, मालक तुझ्या हिरवळीवर फिदा आहेत, उद्घाटनाला तुझं कुटुंब पाहिजे, तीस तारखेच्या आत बोलावून घे. नाही म्हणालो तर नोकरी गेली. खोली गेली. मग त्या दोघींना कुठं नेऊ?

२० एप्रिल

दीपमालाचा फोन. बोलता बोलता तिनं विचारलं, तुमच्याजवळ मेंढरं आहेत का, फार ओरडतायत.

जवळ कुणीच नव्हतं. मीच बोलत होतो.

२१ एप्रिल

घसा बसला असेल. गुळण्या केल्या. आरशासमोर माझं नाव म्हटलं, शिवराज. नीट आलं. परत म्हटलं —

नाही आलं.

२४ एप्रिल

कडुबाच्या भावकीत विचारत विचारत राजाबाईचा ठिकाणा काढला. पडेगावला भाचीकडं राहते, एका इमारतीवर विटा वाहते. जन्मभर मेंढरांमागं चाललेली बाई डोक्यावर पाटी घेऊन जिना चढत होती. मी खाली थांबलो. ती उतरली तेव्हा तिचे पाय धरले. सगळं सांगितलं, औषध, फाटक, सगळं. ती म्हणाली, "ठावं हाय मला."

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या नाहीत. घाम पुसून शांतपणे सांगितलं. "तुमी बसवलेला कळप हाय त्यो. उठा म्हनल्याबिगर कसा उठंल?" बसवणाऱ्यानंच निरोप द्यायचा असतो. एकट्यानं नाही, घरादारासकट. कारभारणीनं कुंकू वाहायचं, लेकरू मध्ये बसवायचं आणि मग उठा म्हणायचं. मी विचारलं, लेकरू कशाला? ती म्हणाली, "कोकरं बी तिथंच हायेत की. लेकराला बघून उठतेत." पोरीचं नाव विचारलं. सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं.

केवढं मोठं मन म्हणायचं. येताना टेम्पोत रडलो. माझी चूक मला आज कळली, आणि तिनं एका शब्दानं दुखवलं नाही.

२९ एप्रिल

दोघी आल्या. योगिनी मला ओळखेना, मग नाक ओढायला लागली. दीपमालानं ओटा पुसून काढला. आज एकही दबलेली जागा नाही, वास नाही. आवाजही नीट येतोय. उद्या दुपारी निरोप देणार. दीपमालाला सांगितलं, जागेची पूजा आहे.

३० एप्रिल

झालं. सुटलो.

दीपमालानं गवतावर कुंकू वाहिलं. योगिनीला मधोमध बसवलं, ती लगेच गवत उपटायला लागली. मी उठा म्हटलं, मोठ्यानं. काही झालं नाही. वारासुद्धा नाही. दीपमाला म्हणाली, झाली का एवढ्यात पूजा? हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. पाणी प्यायला आत आलो आणि आधी हे लिहून ठेवतोय, कारण —

दार उघडत नाही.

कडी काढलेली आहे. बाहेरून कुणीतरी टेकलंय. मऊ आहे. एक नाही, पुष्कळ. खालच्या फटीतून गरम श्वास —

खिडकीला गज आहेत. दिसतंय सगळं. दीपमाला पाठमोरी, कुंपणापाशी, आईला फोनवर फुलं दाखवतेय. योगिनी मध्ये. तिच्याभोवतीचं गवत कमी होतंय. गोल. बाहेरून आत. कुणी दिसत नाही, फक्त गवत —

गवतावर विष तर मीच टाकलं होतं, मग पुन्हा गवत —

नाही. ती मेंढरं गवतासाठी उठलेली नाहीत. राजाबाई तेच म्हणाली होती, लेकराला बघून —

हाक मारली. तोंडातून मेंढी ओरडली. परत मारली. परत तेच. दीपमालानं वळून पाहिलं, मेंढरू शोधलं, मी गजातून हात काढला, ती हसली, तिनंही हात हलवला.

योगिनी हात पुढं करतेय. कुणाच्या तरी तोंडावर ठेवतेय.

पानावर मोठं लिहून दाखवतो. हे पान. दीपमाला बघ

योगिनीला उचल

आधी तिला उचल

हिरवळीवरून उच